फिरंगाणचा सरंजाम

कारंजा तालुक्यातील कामरगावच्या काळ्या जमिनीवरून समुद्र फार दूर आहे, आणि खाडी, भरती, गलबते व मिठागरे यांच्याशी वऱ्हाडातील माणसाचा पिढ्यानुपिढ्या संबंध आलेला नाही. तथापि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई मुक्कामी इंग्रजांशी जो तह केला, त्याचा निकाल वर्षाच्या आत आमच्याच अडगावच्या रणात आणि गाविलगडाच्या तटावर लागला, व देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाच्या पदरी पडला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वसई हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. या लेखाचा विषय मात्र तो तह नव्हे. त्यापूर्वी पासष्ट वर्षांच्या सुमारास, वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुअमल चालू असताना, उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर युरोपातील एका अगदी लहान राष्ट्राच्या सैन्याशी मराठ्यांनी जो दोन वर्षांहून अधिक काळ झगडा दिला, त्यात त्या राष्ट्राचा युद्धसरंजाम कसा होता, तो कशाच्या आधारावर उभा होता आणि अखेर कशाने कोसळला, हे येथे सांगावयाचे आहे. आपल्या इतिहासलेखकांनी चिमाजीअप्पांच्या पराक्रमाचे वर्णन मनापासून केले आहे व ते योग्यच आहे; परंतु ज्याच्यावर विजय मिळवावयाचा त्याचे बळ नीट मोजल्यावाचून विजयाची खरी किंमत कळत नाही, असे मला वाटते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगालची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा देशाने ब्राझीलपासून मकावपर्यंत किनारे धरून ठेवले होते, आणि लिस्बनहून निघालेले जहाज गोव्याला पोचण्यास सहा महिने व कधी अधिकही लागत. वाटेत रक्तपितीसारख्या रोगाने माणसे मरत, गोव्यास उतरल्यावर तापाने व अतिसाराने मरत. जे उरत त्यांत शिक्षा भोगण्यासाठी देशाबाहेर धाडलेले कैदीही पुष्कळ असत. ज्या राज्याला माणूस पुरवता येत नाही, त्याला माणसाची उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागते. पोर्तुगिजांनी ती दगडाने आणि धातूने भरून काढली. ज्या ठिकाणी दुसरा राजा पाच हजार स्वार ठेवील, त्या ठिकाणी त्यांनी एक कोट बांधावा, त्याच्या बुरुजांवर तोफा चढवाव्यात, आत पाच-सातशे शिबंदी ठेवावी आणि पाठीशी समुद्र मोकळा राखावा, अशी त्यांची रीत होती. ही रीत दोनशे वर्षे यशस्वी झाली, हे विसरून चालणार नाही.

वसई त्यांच्या हाती आली ती २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. गुजरातच्या बहादुरशहावर हुमायूनचे संकट आले होते, आणि मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्याने वसई व तिच्याखालचा मुलूख नूनो द कून्या या गव्हर्नराच्या स्वाधीन केला. त्यानंतर तेथे आधी आतला बालेकिल्ला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचा विस्तीर्ण तट उभा राहिला. तटाला अकरा बुरूज होते व प्रत्येकास संताचे, मातेचे किंवा अन्य काही नाव होते. त्यांपैकी रेमेदियुस आणि सेबास्तियांव या दोन बुरुजांची नावे वाचकाने ध्यानात ठेवावीत, कारण पुढील सारी कथा त्यांच्याभोवती फिरते. किल्ल्याच्या तीन बाजूंस समुद्र, खाडी आणि दलदल. केवळ उत्तरेकडून जमीन येऊन तटाला भिडते, आणि हे दोन बुरूज त्याच बाजूला आहेत. आत रस्ते, चौक, मठ, देवळे, दवाखाना, तुरुंग आणि सरदारांचे वाडे होते. वसईच्या खाणींतील दगड गोव्याची देवालये बांधण्यासाठी जात असे आणि तिच्या परिसरातील सागवानावर जहाजे बांधली जात. उत्तरेकडील या साऱ्या प्रांताचा कारभार वसईहून चाले, तेथे ‘जनरल’ या हुद्द्याचा अधिकारी असे, आणि मराठी कागदपत्रांत या मुलखाला फिरंगाण म्हणत.

आता सरंजामाकडे वळू. वसईच्या किल्ल्यावर ९० तोफा असून त्यांतील २७ पंचरशी होत्या, आणि ७० उखळी तोफा होत्या, त्यांतील ७ पंचरशी, अशी नोंद मिळते; बंदराच्या रक्षणास २१ लढाऊ गलबते व प्रत्येकावर १६ ते १८ तोफा, असेही त्याच नोंदीत आहे. पंचरशी आणि बिडाच्या तोफांतील भेद समजून घेतला पाहिजे. बिडाची तोफ स्वस्त पडते. परंतु खाऱ्या हवेत तिला गंज चढतो आणि कमकुवत झालेली तोफ डागताना एकाएकी फुटून आपल्याच गोलंदाजांचा घात करते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची तोफ गंजत नाही, फुटण्यापूर्वी बहुधा फुगून किंवा चिरून इशारा देते. पण तिला धातू महाग लागतो आणि ओतणारा कारागीर निष्णात असावा लागतो. पोर्तुगिजांपाशी असे कारागीर होते. सतराव्या शतकात गोवा आणि मकाव येथे बोकारो घराण्याने ओतलेल्या तोफा आशियाभर नावाजलेल्या होत्या. बंदुकीची दारू गोव्याजवळ पणेली येथील कारखान्यात तयार होई. उखळी तोफ हे वेढ्यातील विशेष हत्यार होते: तिची नळी आखूड व रुंद असते, ती आकाशाच्या रोखाने उडवतात, आणि तिचा कुलपी गोळा तटावरून वर जाऊन पलीकडे मोर्च्यात दडलेल्या माणसांवर कोसळून फुटतो. जमिनीच्या बाजूने येणाऱ्या शत्रूला बुरुजावरची सरळ तोफ दूर ठेवते. तो मोर्चे खणीत तटाखाली आला की उखळी तोफ, हातगोळे आणि जळते ओंडके कामास येतात. पायदळाच्या हाती चापाची बंदूक व तिच्या टोकाला संगीन होती, तर मराठ्यांकडील बंदुकांचा मोठा भाग अजून तोड्याचा होता. पावसाळी हवेत जळता तोडा सांभाळीत लढणे किती अवघड, हे कोकणातील पर्जन्य पाहिलेल्यास सांगावयास नको.

असा हा सरंजाम होता. परंतु तोफ स्वतः उडत नाही. नव्वद तोफांना रात्रंदिवस आळीपाळीने गोलंदाज द्यावयाचे तर प्रत्येक तोफेमागे पाच-सहा तरी शिकलेले हात हवेत, आणि तेवढे गोरे गोलंदाज उत्तरेकडच्या साऱ्या किल्ल्यांत मिळून नव्हते. कोटाच्या आत राहण्याचा मान फक्त उच्चकुलीन फिरंगी कुटुंबांना होता. त्यांचे उत्पन्न बाहेरच्या गावांवर चाले, आणि ते रणात येत ते हुद्दे घेऊन. प्रत्यक्ष पहारे आणि ओझी आफ्रिकेतून आणलेल्या हबशी गुलामांवर, तद्देशीय ख्रिस्ती शिपायांवर आणि भाडोत्री लोकांवर पडत. लिस्बनमध्ये या वेळी पाचवा जुआंव राजा राज्य करीत होता. ब्राझीलच्या खाणींतून सोन्याचा ओघ येत होता, आणि त्यातला मोठा वाटा माफ्रा येथील प्रचंड मठ व राजवाडा उभारण्यात जात होता. हिंदुस्थानातील किल्ल्यांची तटबंदी दुरुस्त करण्यासाठी वारंवार येणाऱ्या अर्जांना तेथे दाद मिळत नसे. विजरई कौंट द सांदोमिल हा कर्तव्यदक्ष पुरुष होता, पण त्याची तिजोरी रिकामी होती.

याहूनही घातक गोष्ट कोटाबाहेर होती. साष्टी, वसई आणि माहीम या प्रांतांतील हिंदू रयतेवर धर्माच्या नावाखाली जो जुलूम कित्येक पिढ्या झाला होता, देवळे पाडली गेली होती, सण आणि विधी बंद केले गेले होते, पोरकी मुले धर्मांतरासाठी नेली जात होती, त्याने गावोगावचे वतनदार आतून पेटलेले होते. गोव्यास १५६० सालापासून चौकशीचे धर्मन्यायालय चालू होते व त्याची छाया उत्तरेकडेही पडत होती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू यांनी पेशव्यांच्या दरबारी फिर्याद नेली, मुलखाची खडान्‌खडा माहिती दिली, खाडीचे उतार दाखविले, माणसे फोडली. वसईच्या मोहिमेत प्रथम पडलेला वार तोफेचा नव्हता. तो या वतनदारांच्या असंतोषाचा होता. ज्या सैन्याला आपल्या तटाबाहेरच्या शेतकऱ्याचे डोळे पारखे झाले आहेत, त्याच्या बुरुजावर कितीही धातू चढवला तरी ते आंधळेच राहते.

ठाण्याचा किल्ला या आंधळेपणाचे पहिले फळ ठरला. साष्टीचे ते नाक होय, आणि तेथे कोट हवा हे पोर्तुगिजांना उशिरा का होईना उमगले होते. १७३० च्या सुमारास काम सुरू झाले, पण १७३७ च्या वसंतापर्यंत ते पुरे झाले नव्हते व बुरुजांवर पुरेशा तोफाही चढल्या नव्हत्या. मराठ्यांनी नेमकी तीच वेळ साधली. रात्री खाडी उतरून त्यांच्या तुकड्या साष्टीत शिरल्या, ठाणे आणि घोडबंदर हाती आले, अर्नाळ्याचे बेटही गेले. उत्तरेचा जनरल दों लुईस बोतेल्यु ठाणे सोडून कारंज्यास पळाला. आमच्या तालुक्यातील वाचकाने येथे गोंधळून जाऊ नये. हे कारंजे उरणचे बेट होय, १६७० साली शिवछत्रपतींनी ज्या संपन्न पेठेवर स्वारी केली ते आमचे कारंजा लाड नव्हे.

येथवर मराठ्यांना यश सहज आले, आणि त्यामुळेच वसईही तशीच पडेल असे वाटणे स्वाभाविक होते. शंकराजी केशव फडक्यांनी त्याच पावसाळ्यात शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न केले. ते सारे फसले. येथे पोर्तुगिजांच्या रीतीचे सामर्थ्य प्रथमच पूर्णपणे प्रकट झाले: पुरा बांधलेला कोट, त्यावर योग्य जागी ठेवलेल्या तोफा, एका बुरुजाचा मारा दुसऱ्याच्या पायथ्याशी पडेल अशी रचना, आणि समुद्रमार्गे मिळणारा दाणागोटा. घोड्यावरून वाऱ्याप्रमाणे मुलूख फिरणाऱ्या फौजेला हे युद्ध नवे होते. माळवा, बुंदेलखंड आणि दिल्लीच्या सरहद्दीपर्यंत ज्यांच्या टापा वाजत होत्या, त्या स्वारांना वसईच्या वाळूत घोडा निरुपयोगी झाला.

१७३८ सालात पारडे काही काळ पोर्तुगिजांकडे झुकले. नवा जनरल आंतोनियु कार्दीं फ्रोइश याने नेटाने बचाव केला, आणि वर्षअखेरीस पेद्रु द मेलु हा शूर अधिकारी ठाणे परत घेण्यासाठी गलबते घेऊन खाडीत शिरला. गलबतावरून किल्ल्यावर मारा करीत असताना तो स्वतः किल्ल्यावरील तोफेच्या गोळ्याने ठार झाला आणि चढाई मोडली. ठाण्याचा तो कोट पोर्तुगिजांनीच बांधावयास घेतलेला. मराठ्यांनी त्याच्यावर तोफा चढविल्या आणि त्यांच्याच रीतीने त्यांना उत्तर दिले. दीड वर्षात मराठे किती शिकले होते, याची ही खूण होती. मुंबईकर इंग्रजांचे वर्तन मात्र दुटप्पी होते: ठाण्यावर हल्ला होणार असल्याची वार्ता त्यांनी मराठ्यांना पुरविली असा आरोप पोर्तुगिजांनी केला, आणि पुढे वसईच्या अडचणीत त्याच इंग्रजांपुढे त्यांना हात पसरावे लागले.

१७३८-३९ च्या हिवाळ्यात चिमाजीअप्पा स्वतः कोकणात उतरले आणि मोहिमेचे रूप पालटले. वसईवर एकदम न पडता त्यांनी तिच्या भोवतालचा आधार एकेक करून काढून घेतला. जानेवारीत माहीम पडले, तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, आणि त्या वीराच्या मृत्यूचे दुःख पेशवे घराण्याला आप्ताच्या मृत्यूसारखे झाले. वर्सोवा व धारावी हाती आले. उरणचे बेट मानाजी आंग्र्यांनी घेतले. तिकडे दक्षिणेस व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव भावे नरगुंदकर यांनी जानेवारी १७३९ मध्ये गोव्याच्या साष्टी प्रांतात शिरून मडगाव घेतले व राशोलला वेढा दिला, त्यामुळे विजरईला गोव्याचाच जीव धरून बसावे लागले व वसईला कुमक धाडणे अशक्य झाले. सर्व हिंदुस्थान त्या वर्षी हादरला होता. नादिरशहा दिल्लीत होता, बाजीराव पेशवे उत्तरेच्या वाटेवर डोळे लावून खानदेशाच्या बाजूस होते, आणि वसईत गुंतलेली फौज मोकळी होईल तर बरे, अशी निकड त्यांच्या मनाला लागली होती. अशा वेळी वेढा उठविण्याचा मोह चिमाजीअप्पांनी आवरला, ही मला त्यांच्या शौर्याहूनही मोठी गोष्ट वाटते.

फेब्रुवारीत वसईच्या उत्तरेस बहादरपुऱ्याकडे छावणी पडली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आदी सरदार येऊन मिळाले. आता काम तलवारीचे नव्हते, कुदळीचे होते. वाळूत मोर्चे वाकडेतिकडे खणीत पुढे न्यावयाचे, दमदमे उभारून त्यांवर तोफा ठेवावयाच्या, आणि मोर्चे तटाच्या बुडाशी भिडले की बेलदारांनी बुरुजाच्या पायाखाली भुयार खणून त्यात दारूची पिंपे ठासावयाची. वाळू ढासळे, समुद्राचे पाणी पाझरे, वरून कुलपी गोळे पडत. रेमेदियुस आणि सेबास्तियांव या दोन बुरुजांखाली मिळून अनेक सुरुंग तयार झाले. आतील लोकही स्वस्थ बसले नव्हते. खणण्याचा कानोसा घेऊन ते उलट भुयारे खणीत, पडलेला तट रात्रीत ओंडके व माती यांनी भरून काढीत. जनरल मार्तिन्यु द सिल्वैरा तोफेच्या माऱ्यात कामास आला आणि अधिकार कायतानु द सोझा परैरा याच्याकडे गेला.

या काळात वसईने मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याला लिहिलेल्या पत्रांची कथा करुण आहे. सोल्जर द्या, दारू द्या, पैसा द्या, अशी ती याचना होती. माणसे मिळाली नाहीत. दारूगोळा थोडा मिळाला. पैशासाठी देवालयांतील चांदीची पूजापात्रे आणि काही पंचरशी तोफा गहाण ठेवून १५,००० रुपये कर्ज काढावे लागले. ज्या राजाच्या पदरी ब्राझीलचे सोने होते, त्याच्या किल्लेदाराने वेढ्यात शिबंदीचा पगार भागविण्यासाठी वेदीवरची भांडी शेजाऱ्याकडे गहाण टाकावीत, यापरती त्या लहान राष्ट्राच्या सैन्याची शोकांतिका नाही. आणि गहाण पडलेल्या त्या तोफा पाहिल्या म्हणजे कळते की कोटात अखेरीस उणीव धातूची नव्हती. ती दारूची, अन्नाची आणि माणसाची होती.

मे महिन्यात निर्णायक हल्ला झाला. येथे तारखांविषयी एक खुलासा आवश्यक आहे: मुंबईचे इंग्रज तेव्हा जुनी गणना चालवीत आणि पोर्तुगीज नवी, त्यांत अकरा दिवसांचे अंतर होते, म्हणून कोणी शरणागतीची तारीख ५ मे देतात तर कोणी १६ मे, मी पुढे नवी गणना धरली आहे. १३ मे १७३९ रोजी सुरुंगांना बत्ती दिली. काही वेळेवर उडाले आणि तटाला खिंडार पडताच मराठे त्यात घुसले. काही मागाहून उडाले आणि त्यांनी चढणाऱ्या आपल्याच माणसांना दगडमातीखाली गाडले. तरीही पुढचे लोक मागे हटले नाहीत व मागचे थांबले नाहीत. खिंडारात पोर्तुगिजांनी हातगोळे, जळते ओंडके, बंदुका आणि उखळी तोफा यांनी असा मारा केला की पहिल्या दिवशी यश आले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई. सेबास्तियांव बुरूज हातचा गेला आणि मराठे त्यावर ठाण मांडून बसले. आपले डोके तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका, निदान ते तरी आत पडेल, असे चिमाजीअप्पा म्हणाल्याची जी आख्यायिका घरोघर सांगतात, ती या दिवसांची होय. मराठ्यांचा हिशेब ठार व जखमी मिळून पाच हजारांच्या आसपास जातो, किल्ल्यातील मृतांचा आठशेच्या घरात. हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दगड आणि धातू यांच्या मागे उभे राहिलेल्या थोड्या माणसांनी किती जबर मोबदला घेतला, ते त्यांत दिसते.

१६ मे रोजी कायतानु द सोझाने पांढरे निशाण लावले. दारू संपत आली होती, बुरूज शत्रूच्या हाती होता, आणि आणखी एक हल्ला झाला असता तर आतील बायकामुलांची धडगत नव्हती. चिमाजीअप्पांनी दिलेला कौल या साऱ्या प्रकरणातील सर्वात उज्ज्वल कागद आहे. शिबंदीने हत्यारे हाती घेऊन, नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत, चार तोफा व दोन उखळी तोफांसह बाहेर पडावे. कुटुंबांनी आपली जंगम मालमत्ता न्यावी. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा. ज्या राजवटीच्या धार्मिक जुलमामुळे युद्धाला तोंड फुटले, तिच्या प्रजेला हा शब्द मिळाला. निघण्यासाठी आठवड्याची मुदत होती. २३ मे रोजी पोर्तुगीज वसईबाहेर पडले आणि मराठ्यांचे निशाण चढले. वसई शहराचे नाव काही काळ बाजीपूर असे झाले. नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले.

या युद्धात पोर्तुगालने चार मुख्य बंदरे, वीस किल्ले आणि तीनशे चाळीस गावे गमावली असा हिशेब त्या वेळी करण्यात आला. १७४० च्या तहाने चौल व कोर्लईही गेली. उत्तरेस दमण आणि दीव एवढेच उरले.

तोफा मराठ्यांच्या हाती आल्या, घंटाही आल्या. फिरंगी देवालयांतील त्या पंचरशी घंटा सरदारांनी विजयचिन्हे म्हणून देशावर नेल्या आणि देवांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ सालचा आकडा आहे, मेणवलीच्या घंटेवर १७०७ चा, आणि भीमाशंकरासही अशी घंटा आहे. ज्या धातूतून तोफ ओतता येते त्यातूनच घंटा ओतली जाते. युरोपात अडचणीच्या वेळी राजे घंटा वितळवून तोफा करीत. आपल्याकडे घंटा घंटाच राहिल्या, याचा भाविक म्हणून मला आनंद आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक खंत नोंदविली पाहिजे. वसईने तोफांची किंमत शिकविली, सुरुंगाची शिकविली. तोफ ओतण्याची विद्या, गोलंदाजांची शाळा, दारूच्या कारखान्यांची अखंड परंपरा हे जे त्या लहान राष्ट्राचे खरे बळ होते, ते आत्मसात करण्याचा उद्योग त्याच तडफेने झाला नाही. पेशव्यांनी पुढे गोळ्यांचे आणि तोफांचे कारखाने काढले, पण ते पंचवीस-तीस वर्षांनी, आणि तेही थोड्या प्रमाणात. १७८० च्या अखेरीस इंग्रज सेनापती गोडार्डने त्याच उत्तरेच्या जमिनीवरून शास्त्रशुद्ध मोर्चे व तोफखाना लावून वसई काही आठवड्यांत घेतली, तेव्हा तटाचे रक्षण आम्ही करीत होतो. सालबाईच्या तहाने ती परत मिळाली खरी. परंतु धडा मिळूनही तो अर्धाच गिरविला गेला होता.

पोर्तुगीज सैन्याची रीत मात्र शेवटपर्यंत बदलली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोव्यात प्रवेश केला तेव्हा तेथे सुमारे साडेतीन हजार पोर्तुगीज सैनिक होते. अंगोलातील युद्धामुळे फौज व जहाजे आधीच काढून नेलेली होती. लढाऊ विमान एकही नव्हते, विमानविरोधी तोफा अगदी थोड्या व जुनाट होत्या, आणि बंदरात १९३४ साली बांधलेली ‘अफोन्सु द आल्बुकेर्क’ ही एकच मोठी युद्धनौका होती. तिने आपल्याहून नव्या भारतीय नौकांशी एकटीने झुंज दिली, तोफांच्या माऱ्याने ती निकामी झाली व बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. लिस्बनहून सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही, अखेरचा माणूस पडेपर्यंत लढावे. गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा याने तो हुकूम मानला नाही. माणसे व शहरे व्यर्थ नष्ट करण्यापेक्षा १९ डिसेंबरला त्याने शरणागती पत्करली, आणि हजारो सैनिक जिवंत घरी परतले. त्याच्या सरकारने त्याला १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकले. सालाझारने उभारलेली राजवट कोसळल्यावर १९७४ मध्ये त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळाली. कायतानु द सोझा आणि वासालु ई सिल्वा यांच्यात दोनशे बावीस वर्षांचे अंतर आहे. दोघांनाही दूरच्या राजधानीने दगड व धातू यांच्या भरवशावर सोपवून माणसांविना उभे केले होते, आणि दोघांनीही आपल्या हाती उरलेल्या माणसांचा जीव वाचविला. लढवय्ये म्हणून ते पराभूत झाले. सेनापती म्हणून त्यांनी योग्य तेच केले, असा माझा निर्णय आहे.